चालत्या बसमध्ये फोन उचलला, आता चार्जशीट हातात आहे. नोकरी वाचेल का?

स्टेअरिंग_भुसावळ · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसतं वाचत आलो, लिहितोय पहिल्यांदाच. बोलून टाइप करतोय, मोबाइल जे उमटवेल ते खरं. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या.

मी भुसावळचा. जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतो, १४ वर्षं झाली. गाडी ठेकेदाराची, माणसं कंपनीची. पहिली पाळी ७ ची, म्हणून ५.५० ला भुसावळ सोडायचं. साकेगाव, नशिराबाद करत अजिंठा चौफुलीवरून आत. १४ वर्षांत अपघात नाही. एकदा कालिका माता चौकात रिक्षा घासली होती, पण ती रिक्षावाल्याचीच चूक होती. असो.

दिवाळीनंतर सगळ्या गाड्यांना कॅमेरे बसले. एक काचेतून रस्ता बघतो, दुसरा माझं तोंड बघतो. जांभई दिली तरी पिप पिप करतो.

दोन आठवड्यांपूर्वी साकेगावजवळ ट्रेलर बंद पडला. वाघूरच्या पुलापर्यंत रांग. तिथे १८ मिनिटं गेली. मोकळा झालो आणि सुपरवायझर साहेबांचा फोन आला. नाही उचलला. परत आला. नाही उचलला. तिसऱ्यांदा उचलला आणि सांगितलं, "साहेब, नशिराबादच्या अलीकडे आहे, येतोय." एवढंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली. आता निलंबन आणि आरोपपत्र. त्यात लिहिलंय, "वाहन चालवताना मोबाइल वापरून ३८ प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, हे गंभीर गैरवर्तन असून आपणास सेवेतून बडतर्फ का करू नये". ७ दिवसांत खुलासा द्यायचाय, त्यातले २ गेले. वय ४७. मुलगी बारावीला.

फोन साहेबांचाच होता, हे लिहिलं तर सुटेन का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

वरणबट्टी · सोमवार, रात्री १०.०५

दादा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढून ठेवा. तिन्ही कॉल, तारीख, वेळ सगळं दिसलं पाहिजे. फोन बदलला किंवा बिघडला तर पुरावा गेला.

बाकी साहेब लोकांचं हे नेहमीचंच. "कुठे पोचलास" विचारायला फोन करायचा, उचलला नाही तर "माज आलाय", उचलला तर चार्जशीट.

---

शिरपूरकर · सोमवार, रात्री १०.२०

भाऊ, मी बी डायवर शे. माले वाटस, चूक ती चूकच शे, पन १४ वरीसना मानूसना पोटवर पाय काबर? समज देवानी, दंड करवाना, इसय संपना.

---

निवृत्त_कंट्रोलर · सोमवार, रात्री ११.१०

आधी घाबरणं थांबवा. आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे. प्रवासी वाहतुकीत माझी ३१ वर्षं गेली, शेकडो चौकश्या जवळून पाहिल्या. क्रम साधारण असा असतो. आरोपपत्र, तुमचा लेखी खुलासा, तो पटला नाही तर चौकशी अधिकारी नेमतात, तारखा पडतात, त्यांचे साक्षीदार येतात, तुम्ही त्यांना उलटे प्रश्न विचारता, मग तुमचे साक्षीदार, मग अहवाल. अहवालाची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी पण. शिक्षा त्यानंतर.

माणसं नोकरी घालवतात ती बहुतेक वेळा खुलाशातच. एक तर रागाने चार पानं लिहितात, नाहीतर कोणीतरी सांगतं "माफी माग, सुटशील" म्हणून दोन ओळींत "आरोप मान्य, क्षमा असावी" लिहून देतात. मग चौकशीची गरजच उरत नाही, कबुलीवर शिक्षा. तेव्हा घाईने काही लिहू नका. आधी मुदत वाढवून मागा आणि कागदपत्रं मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. माझ्या पाहण्यातले निम्मे लोक पोचेपायी हरले.

---

नशिराबादची_लेक · मंगळवार, सकाळी ७.१५

मी तुमच्या बसमधली नाही, पण अशाच बसने रोज जाते. दुसऱ्या कंपनीची. सकाळी ६ ला आम्ही बायका अर्ध्या झोपेत असतो, डबा मांडीवर, डोकं काचेला. ड्रायव्हरच्या भरवशावरच झोपतो ना आम्ही?

इथे सगळे "पोटावर पाय" म्हणताहेत. आमच्या पोटांचं काय? माझ्या चुलत दिराला पारोळ्याच्या पुढे एका पिकअपने मागून उडवलं. पिकअपवाला फोनवर होता. त्यालाही पोट होतं. दिराला दोन लेकरं होती.

दादा, तुम्ही वाईट आहात असं म्हणत नाही. पण "एवढंच बोलणं" असं लिहू नका हो. ते वाचून अंगावर काटा आला.

---

वरणबट्टी · मंगळवार, सकाळी ७.४०

ताई, दुःख समजतं. पण यांचा अपघात झालेला नाही. न झालेल्या अपघाताची शिक्षा म्हणून नोकरी?

---

नशिराबादची_लेक · मंगळवार, सकाळी ७.५२

न झालेला, कारण समोर कोणी आलं नाही. त्यात यांची काय कर्तबगारी?

---

लोकोशेड · मंगळवार, दुपारी १.३०

रेल्वेतला माणूस, त्यामुळे माझं गणित रुळावरचं. बस ५० च्या वेगाने असेल तर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. सहा सेकंद नजर हटली तर ८३ मीटर. आपण भुसावळवाले, तर आपल्या भाषेत सांगतो: रेल्वेचा नवा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेतीन डबे गाडी डोळे मिटून गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका चौपटीच्या आसपास असतो. आणि कानात यंत्र घालून बोललं तर तो फारसा कमी होत नाही. हात मोकळे होतात, डोकं नाही होत. त्यामुळे "ब्लूटूथवर बोललो असतो तर चाललं असतं" हा मुद्दा खुलाशात घालू नका.

आता दुसरी बाजू. चालू गाडीत लोको पायलटने मोबाइल बंद ठेवायचा असा आमच्याकडे नियम आहे. पण नुसता नियम करून रेल्वे थांबली नाही. बोलायला वॉकीटॉकी दिला. शेजारी असिस्टंट बसवला, दोघं एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. गाडी कुठे आहे हे कंट्रोलला परस्पर दिसतं. "कुठे पोचलास रे" म्हणून लोको पायलटच्या खिशातला फोन कोणी वाजवत नाही.

तुमच्या बसला कॅमेरा आहे म्हणजे जीपीएस असणारच. मग साहेबांना गाडी कुठे आहे ते स्क्रीनवर दिसत नव्हतं का? हा प्रश्न चौकशीत विचारा. मला तर उत्तर ऐकायची फार इच्छा आहे.

---

ट्रॅव्हल्सवाला_धुळे · मंगळवार, दुपारी ३.००

मालकांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं, म्हणून लिहितो. माझ्या ११ गाड्या आहेत, त्यातल्या ६ कंपन्यांना लावलेल्या.

करारात कंपनी लिहून घेते, फोन सापडला की ड्रायव्हर गाडीवरून खाली. दुसऱ्यांदा सापडला तर करारच रद्द. एका ड्रायव्हरसाठी मी १० जणांची रोजी पणाला लावू का? उद्या काही झालं तर पोलीस पहिला प्रश्न मलाच विचारतील: तुझ्याकडे क्लिप होती, तू काय केलंस? क्लिप बघून गप्प बसलेला मालक ड्रायव्हरपेक्षा जास्त अडकतो. कॅमेऱ्याने आम्हालाही बांधून टाकलंय.

कॅमेऱ्याबद्दल जरा माहिती देतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं अंधारात दिसत नाही. दिसतं. त्यात इन्फ्रारेड दिवे असतात, आपल्या डोळ्यांना कळत नाहीत. हात कानाजवळ गेला, मान खाली गेली, डोळे मिटले, की यंत्र ते ओळखतं आणि आधीनंतरचे काही सेकंद कापून सिमकार्डवरून वर पाठवतं. म्हणजे ऑफिसला जाते ती छोटी क्लिप. पूर्ण चित्रण गाडीतल्या मेमरी कार्डावर असतं, आणि कार्ड भरलं की जुन्यावर नवं चढतं. दोन आठवडे उलटलेत ना? पूर्ण फुटेज हवं असेल तर आजच लेखी मागा. उद्या "पुसलं गेलं" असं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल.

---

कोर्टपायरी · मंगळवार, रात्री ८.४५

जळगावला वकिली करते, बरीचशी कामं कामगारांचीच. नाव-गाव न विचारता सर्वसाधारण सांगते. शेवटी कागद घेऊन समोर बसावंच लागेल.

सगळ्यात आधी, तुमचा मालक कोण? पगार कोणाच्या खात्यातून येतो, पीएफ कोणाच्या कोडवर भरला जातो, आरोपपत्रावर सही कोणाची? गाडी ठेकेदाराची आणि सुपरवायझर कंपनीचा असेल तर गोष्ट गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, आम्ही पल्प म्हणतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिलंच कलम बेकायदा बडतर्फीचं. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, मागची सेवा न बघता, धक्का बसावा इतकी जास्त शिक्षा दिली तर ती अनुचित प्रथा. चौकशीत नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवला तर तीही. तक्रार ९० दिवसांत करावी लागते. पण त्यासाठी मालक-नोकर नातं वादात नसावं लागतं. "हा आमचा माणूसच नाही" असं कंपनी म्हणाली की आधी तो वाद दुसरीकडे सोडवावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. म्हणून नियुक्तीपत्र, पगारपावत्या, पीएफचा उतारा, ओळखपत्र हे सगळं आज रात्रीच पेटीतून बाहेर काढा. केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आल्यात, त्यामुळे कुठला अर्ज कुठे करायचा हे फोरमवर ठरवू नका.

निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याचे सेवानियम, लागू असतील तर पहिले ९० दिवस अर्धा पगार, त्यानंतर उशीर तुमच्यामुळे नसेल तर पाऊण. मिळत नसेल तर लेखी मागा.

आता कटू बोलते. "किरकोळ चूक" हा मुद्दा इथे टिकणं अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून फोन वापरणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलंय. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. ज्याला कायदाच धोकादायक म्हणतो त्याला कोर्ट किरकोळ म्हणणार नाही. तुमचा जोर शिक्षेच्या प्रमाणावर हवा: १४ वर्षांची सेवा, मागे मेमो नाही, अपघात नाही, फोन कामाचा, तोही वरिष्ठाचा, तोही तिसऱ्यांदा आलेला.

---

वरणबट्टी · मंगळवार, रात्री ९.१०

मॅडम, एक शंका. फोनवर बोलताना सापडलं तर सरकार लायसन्स ३ महिने निलंबित करतं असं वाचलंय. म्हणजे सरकार म्हणतं हा माणूस ३ महिन्यांनी परत गाडी चालवायला लायक, आणि मालक म्हणतो जन्मभर नालायक?

---

कोर्टपायरी · मंगळवार, रात्री ९.३०

मुद्दा चांगला आहे, मी स्वतः वापरला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना तसं कळवलं होतं, किमान ३ महिने. पण समोरचा वकील म्हणेल, ते सगळ्या वाहनचालकांसाठी, हा तर पगार घेऊन ३८ माणसं नेणारा. दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

बाकी "कोर्टात गेलो की परत घेतील आणि मागचा सगळा पगार देतील" असं कोणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. चुकीच्या बडतर्फीत मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलंय खरं. पण तिची चूकच नव्हती. तुम्ही तर फोन उचललाय.

---

भरीतप्रेमी · मंगळवार, रात्री १०.००

धागा वाचतोय. आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं होतं, क्लिप एआयने बनवलेली आहे असं म्हणायचं, सिद्ध करत बसतील. ट्राय करा. बाकी जेवायला आज भरीत आणि कळण्याची भाकरी होती, ड्रायव्हरदादा तुमच्यासाठी दोन घास जास्त खाल्ले.

---

निवृत्त_कंट्रोलर · मंगळवार, रात्री १०.०८

हे करू नका. बसमध्ये ३८ साक्षीदार होते. खोटं पकडलं गेलं तर फोनचं गैरवर्तन राहील बाजूला, चौकशीत खोटं बोलल्याचं नवीन चिकटेल. भाकरी खा, सल्ले देऊ नका.

---

स्टेअरिंग_भुसावळ · बुधवार, पहाटे ५.२०

झोप लागत नाही. १४ वर्षांची सवय, ४ ला डोळे उघडतात.

सगळ्यांचे आभार. काल कंट्रोलर काकांनी सांगितलं तसं केलं. मुदत आणि फुटेजसाठी अर्ज दिला, पोच घेतली. क्लार्क सही करायला तयार नव्हता, म्हणून मी तिथेच बाकावर बसून राहिलो. पाऊण तासाने केली.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही. ऑफिसात मला क्लिप दाखवली. क्लिप दोन आहेत.

पहिलीत साहेबांचा फोन. २२ सेकंद. दुसरी त्यानंतरची, टोलनाक्याच्या अलीकडची. फोन मांडीवरच राहिला होता. मेसेज वाजला आणि मी खाली बघितलं. धाकट्या भावाचा मेसेज. आमची यावल तालुक्यात दोघांत मिळून दीड एकर केळी आहे. व्यापारी त्या दिवशी माल कापायला येणार की नाही आणि भाव काय फुटला, हे तो कळवणार होता. आदल्या दिवशी व्यापारी कबूल झाला आणि रात्री फिरला, दोनदा असं झालं होतं. घड पिकायला लागले की माल दाराशी सडतो, केळीवाल्यांना सांगायला नको. मी भाव वाचला. वाचून परत एकदा वाचला, कारण मनासारखा नव्हता.

लोकोशेड भाऊ, तुम्ही ६ सेकंद कुठून आणले माहीत नाही. क्लिपवर घड्याळ असतं. सहाच आहेत.

साहेबांचा फोन होता असं सांगून दुसरी गोष्ट झाकली जाईल असं वाटलं होतं. ताईंचं वाचलं आणि कालपासून तेच डोक्यात आहे. काचेला डोकं लावून झोपणाऱ्या बाया माझ्या गाडीत पण आहेत. साकेगावहून चढणाऱ्या एक मावशी तर बसल्या बसल्या घोरतात.

---

शिरपूरकर · बुधवार, सकाळी ६.४५

भाऊ, सांगी टाकं ते बरं करं.

---

वरणबट्टी · बुधवार, सकाळी ८.००

दादा, हे इथे लिहायला नको होतं. कोणी कंपनीचा वाचत असेल तर? डिलीट करा.

---

कोर्टपायरी · बुधवार, सकाळी ९.१५

क्लिप त्यांच्याकडे आहेच. इथून डिलीट करून काय मिळणार? उलट बरं झालं, आता खुलासा नीट लिहिता येईल. आरोपपत्र परत वाचा आणि सांगा: त्यात एक प्रसंग लिहिलाय की दोन? वेळ कोणती दिलीय?

---

स्टेअरिंग_भुसावळ · बुधवार, सकाळी ९.४०

"सकाळी ६.३१ च्या सुमारास" एवढंच. ६.३१ ला साहेबांचा फोन होता. मेसेज ६.३३ चा. दुसऱ्या क्लिपचा उल्लेखच नाही.

---

कोर्टपायरी · बुधवार, सकाळी १०.०५

मग जे आरोपात नाही त्याची शिक्षा देता येत नाही. खुलासा आरोपापुरताच असावा. न विचारलेलं कबूल करायला कायदा कोणालाही भाग पाडत नाही. पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही. दोन्हींत फरक आहे, तो धरून ठेवा.

---

नशिराबादची_लेक · बुधवार, सकाळी १०.३०

वकीलबाई, कायद्याने बरोबर असेल. पण ज्या फोनमुळे साहेब अडकतो तो आरोपात, आणि ज्यात दादांची स्वतःची चूक तो बाहेर. हे उलटंच झालं की. ऑफिसात क्लिप बघणाऱ्याला काय कळलं असेल कोण जाणे.

---

ट्रॅव्हल्सवाला_धुळे · बुधवार, सकाळी ११.००

काय कळलं असेल ते मी सांगतो. यंत्र कानाजवळचा हात पक्का ओळखतं. मांडीवरच्या फोनकडे बघणं म्हणजे त्याच्या लेखी नुसतं "लक्ष विचलित", आणि असे इशारे एका गाडीचे दिवसाला दहा-वीस येतात. आरसा बघितला तरी येतो. ऑफिसातला पोरगा लाल रंगाचं उघडतो, पिवळं सोडून देतो. खरा धोका पिवळ्यातच जास्त, हे मीही मान्य करतो.

आणि साहेबांबद्दल. माझ्या ऑफिसात मीही हे केलंय. गाडी उशिरा झाली की कंपनीचा मला फोन, माझा ड्रायव्हरला. साखळीच आहे. हा धागा वाचून काल तीन ड्रायव्हरांना विचारलं, चालत्या गाडीत सगळ्यात जास्त फोन कोणाचा येतो? तिघांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मग एक म्हणाला, "शेठ, तुमचाच."

---

लोकोशेड · बुधवार, दुपारी २.००

याला म्हणतात उत्तर. दादा, ६ सेकंद मी अंदाजाने घेतले होते. असा खरा ठरलेला अंदाज आवडत नाही.

---

निवृत्त_कंट्रोलर · बुधवार, सायंकाळी ६.३०

मॅडमचं कायद्याने बरोबर. तरी माझा अनुभव वेगळा सांगतो, पटलं तर घ्या. चौकशी अधिकाऱ्यासमोर दुसरी क्लिप कधी ना कधी निघते. त्यांनी काढली तर तुम्ही लपवलं असं दिसतं. तुम्हीच तोंडी सांगितलं तर माणूस सरळ आहे असं दिसतं. खुलाशात नको, पण चौकशीत शिक्षेचा विषय निघेल तेव्हा सांगा. आणि नुसतं "पुन्हा करणार नाही" म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. फोन कुठे ठेवणार ते सांगा. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर फोन बंद करून डब्याच्या पिशवीत घालायचा आणि पिशवी मागच्या सीटवर. घरच्यांना, भावाला, साहेबाला सांगून ठेवलेलं, ५.३० ते ७ मी मेलो असं समजा.

साहेबाला साक्षीदार म्हणून बोलवा, पण त्याच्याशी भांडू नका. तीनच प्रश्न. फोन तुम्ही केलात का? तेव्हा गाडी चालू आहे हे माहीत होतं का? गाडी कुठे आहे हे बघायला दुसरी सोय होती का? आणि गप्प बसा. ड्रायव्हर लोक प्रश्न विचारता विचारता भाषण करतात आणि साक्षीदाराला पळवाट देतात.

---

भरीतप्रेमी · बुधवार, सायंकाळी ७.००

एआयचा सल्ला मागे घेतो. भाकरीचा नाही.

---

स्टेअरिंग_भुसावळ · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.१०

मंडळी, उशीर झाला कळवायला. काही जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहितो.

खुलासा मॅडमनी सांगितला तसा एका पानात दिला. फोन उचलला हे मान्य, कोणाचा होता, कितव्यांदा आला ते लिहिलं, कॉल लॉग जोडला. चौकशीच्या तीन तारखा झाल्या. सोबत आमच्यातलाच एक जुना ड्रायव्हर बचावाला होता. पूर्ण फुटेज मिळालं नाही, "कार्डावर उपलब्ध नाही" असं पत्र आलं.

दुसऱ्या तारखेला साहेब आले. काकांचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते, तेवढेच विचारले. पहिल्याला म्हणाले हो. दुसऱ्याला म्हणाले, "मला वाटलं गाडी बाजूला घेऊन उचलेल." तिसऱ्याला बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अ‍ॅप आहे, पण त्या दिवशी उघडलं नव्हतं." चौकशी अधिकाऱ्याने जसंच्या तसं लिहून घेतलं. मी भाषण केलं नाही. जीभ चावून बसलो होतो.

तिसऱ्या तारखेला मला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. दुसऱ्या क्लिपचं सांगितलं. केळीचं सगळं सांगितलं. बचावाच्या ड्रायव्हरने टेबलाखालून लाथ मारली. चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "भाव काय होता?" सांगितला. ते म्हणाले, "आमच्याकडे रावेरला त्याहून कमी मिळाला." मग पेन उचलून सगळं लिहून घेतलं. म्हणजे नातं जुळलं तरी लिहिलं त्यांनी सगळं, एक अक्षर सोडलं नाही.

अहवाल परवा मिळाला. आरोप सिद्ध, असं आहे. खाली एक परिच्छेद आहे, की चालकाला चालत्या वाहनात दूरध्वनी करण्याची पद्धत व्यवस्थापनाने बंद करावी आणि शिक्षा ठरवताना मागील सेवा विचारात घ्यावी. त्यावर माझं म्हणणं द्यायला १० दिवस आहेत. मॅडमकडे मंगळवारी जातोय. नोकरी राहील की जाईल, अजून काहीच सांगता येत नाही. ठेकेदार म्हणतो, कंपनी ऐकणार नाही.

भत्ता अर्धा मिळतोय, दुसऱ्यांदा अर्ज दिल्यावर सुरू झाला.

---

नशिराबादची_लेक · रविवार, दुपारी १.००

दादा, दुसऱ्या क्लिपचं सांगितलंत हे वाचलं. आमच्या बसमध्ये परवा ड्रायव्हरचा फोन वाजला. मी पुढच्याच सीटवर होते. म्हटलं, द्या इकडे, मी बोलते. सुपरवायझरच होता. मी सांगितलं, ड्रायव्हर गाडी चालवतोय, काय निरोप आहे? त्याने फोनच ठेवून दिला.

---

वरणबट्टी · रविवार, दुपारी १.२०

ताई, जबरदस्त. दादा, आदेश आला की कळवा. सध्या काय करताय?

---

स्टेअरिंग_भुसावळ · रविवार, दुपारी २.४५

शेतावर आहे. भावाला म्हटलं, बस नाही तर निदान घड तरी वाहतो. दुसरी कापणी चालू आहे, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी आहे. त्याचा ड्रायव्हर सावलीत बसून फोन बघतोय. गाडी बंद आहे, मी किल्ली बघून आलो.